विकायच्या घराला पांढराच रंग लावायचा का?

"नमस्कार ताई. कोथरूडमधला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट विकायचं ठरलं आहे. इमारत १९८६ ची, दुसरा मजला, लिफ्ट नाही, कार्पेट ६४० चौरस फूट. हॉलची गॅलरी पूर्वेला, समोर मोठा गुलमोहर. एक बेडरूम उत्तरेला, दुसरी पश्चिमेला. खाली जुनी मोझॅक फरशी, दारं सागवानी. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटीच राहते. आता ती ७८ वर्षांची आहे, घर विकलं की माझ्याकडे नाशिकला येणार. एजंट म्हणतात, आहे तसं दाखवलं तर भाव पडेल. होम स्टेजिंग, म्हणजे विकायचं घर सजवून मांडण्याचं काम, करणाऱ्या एका डिझायनर बाईंना ते घेऊन आले. दोन महिन्यांच्या भाड्याच्या फर्निचरसह एक लाख ऐंशी हजारांचं कोटेशन आहे. सगळं घर पांढरं आणि राखाडी करायचं, हॉलमधली आमसुली भिंत घालवायची, देवघर हलवायचं, पश्चिमेच्या बेडरूममध्ये ओल आलेल्या भिंतीवर पीव्हीसी पॅनल मारायचं, असं त्यांनी सुचवलंय. भाऊ न्यू जर्सीत असतो, तो रोज राखाडी दिवाणखान्यांचे फोटो पाठवतो. ती आमसुली भिंत आईने १९९८ च्या दिवाळीत स्वतः रंग निवडून करून घेतली होती. ती काही बोलत नाही, पण दोन दिवस नीट जेवलेली नाही. काय करू?"

नमस्कार.

रंगाच्या दुकानात जाण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन करा आणि पुनर्विकासाचं काय चाललं आहे ते विचारा. १९८६ ची इमारत, लिफ्ट नाही, तीही कोथरूडमध्ये, म्हणजे हा विषय आज ना उद्या निघणारच. सर्वसाधारण सभेत तो निघाला असेल, बिल्डरांकडून ऑफर मागवायला सुरुवात झाली असेल, तर येणारं गिऱ्हाईक तुमच्या भिंतींकडे बघणारही नाही. नव्या इमारतीत किती जागा मिळेल, तोवर भाडं किती मिळेल, ताबा कधी, हा हिशोब करून ते येईल. तशा वेळी घर झाडून-पुसून ठेवा, गळके नळ दुरुस्त करा आणि दाखवा. त्यापलीकडे घातलेला प्रत्येक रुपया इमारतीबरोबर पडेल. पुनर्विकास अजून दूर असेल तर मग पुढचं सगळं तुमच्या उपयोगाचं आहे.

होम स्टेजिंग हा प्रकार मुळात अमेरिकेतला. सिअॅटलच्या बाजूला घरं विकणाऱ्या बार्ब श्वार्ट्झ यांनी तो १९७२ मध्ये सुरू केला असं मानतात. त्या नाटकाच्या अनुभवातून आलेल्या, म्हणून नावातच 'स्टेज' आहे. घरात आपण राहतो ती रीत वेगळी आणि घर विकायला मांडतो ती वेगळी, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो मला शंभर टक्के पटतो. आपल्याला आपल्या घरातलं अर्धं सामान दिसतच नाही. दाराआडच्या पिशव्या, फ्रिजवरचे डबे, लॉफ्टमधून डोकावणारी गादी यांची नजरेला सवय झालेली असते. परक्याला आत पाऊल टाकताच आधी तेवढंच दिसतं.

पण तिथली आणि इथली विक्री वेगळी आहे. तिथे घर घेणारे बऱ्याचदा आहे त्या घरात सामान लावून राहायला लागतात. स्वयंपाकघर, बाथरूम, भिंती बघून ते स्वतःला त्या घरात बसवून बघतात, त्यामुळे सोफा कुठे आणि दिवा कुठे याला अर्थ असतो. आपल्याकडे चाळीस वर्षं जुना फ्लॅट घेणारं कुटुंब बहुतेकदा टाइल्स फोडणार, ओटा बदलणार, वायरिंग नवं करणार हे ठरवूनच आलेलं असतं. ते बघतं उजेड, वारा, ओल, पाणी, पार्किंग आणि कागदपत्रं. भाड्याचा सोफा यांतल्या एकाही गोष्टीत भर घालत नाही. उलट ६४० चौरस फुटांत तो जागाच खातो.

म्हणून फर्निचर भाड्याने घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. या व्यवसायाला मी कमी लेखत नाही. रिकामा, मोठा, नव्या टॉवरमधला फ्लॅट असेल, त्याच नकाशाचे आणखी दहा फ्लॅट त्याच वेळी विकायला असतील, मालक परदेशात असेल, तर स्टेजिंगचे पैसे वसूल होतात. रिकाम्या खोलीत पलंग बसेल की नाही याचा लोकांना खरंच अंदाज येत नाही. तुमच्या घरात माणूस राहतं आहे, पलंग आहेत, खुर्च्या आहेत. त्या डिझायनर बाईंना फक्त एका भेटीची फी देऊन बोलवा. तीन तास घरभर फिरू द्या, काय काढायचं आणि काय कुठे सरकवायचं ते सांगू द्या. चांगली नजर असलेल्या माणसाचे ते तीन तास फर्निचरच्या टेम्पोपेक्षा जास्त मोलाचे असतात. आणि कुणी फोटोत संगणकावर फर्निचर घालून देतो म्हणालं तर नको म्हणा. फोटोत भरलेला दिवाणखाना बघून आलेल्या माणसाला प्रत्यक्षात दुसरंच घर दिसलं, की त्याचा तुमच्या कागदपत्रांवरचाही विश्वास डळमळतो.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे पीव्हीसी पॅनल. ते मारू नका. पॅनलच्या मागे भिंतीला वारा लागत नाही, ओल तिथेच कोंडते, बुरशी धरते आणि पहिल्या पावसाळ्यात वास सुटतो. मी या कामात नवीन होते तेव्हा एका घरमालकाच्या आग्रहावरून अशाच ओल्या भिंतीला प्लायचं पॅनलिंग करून दिलं होतं. घर विकलं गेलं. ऑगस्टमध्ये नव्या मालकीणबाईंचा फोन आला. जाऊन पाहिलं तर पॅनलची मागची बाजू काळी पडली होती आणि त्या खोलीत त्यांचं लहान मूल झोपत होतं. मालकाला मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. त्यानंतर ओल झाकायचं काम मी कधीच घेतलं नाही.

कायदाही इथे स्पष्ट आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्याची जी कर्तव्यं दिली आहेत त्यांतलं पहिलंच असं: जो महत्त्वाचा दोष आपल्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याच्या लक्षात येणार नाही, तो त्याला सांगितला पाहिजे. आज तुमची ओल उघड्या डोळ्यांना दिसते. पॅनल मारलं की तोच लपवलेला दोष होतो, आणि तो लपवणाऱ्या तुम्ही ठरता.

ओल कुठून येते ते शोधा. भिंत वर्षभर ओली राहत असेल, अगदी एप्रिलमध्येही, तर बाथरूमकडे संशय घ्या: टाइल्सच्या फटी, नहाणी ट्रॅप (जमिनीतलं सांडपाणी जाण्याचं तोंड), भिंतीतला पाइप. चार-पाच दिवस ते बाथरूम बंद ठेवलं आणि डाग सुकायला लागला की उत्तर मिळालं. फक्त पावसाळ्यात ओल येत असेल तर पाणी बाहेरच्या भिंतीतून शिरतं आहे. बाहेरच्या भिंतीची आणि सामाईक पाइपांची दुरुस्ती सोसायटीने तिच्या खर्चाने करायची असते, सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमांत, तसं दिलेलं आहे. सोसायटीला लेखी पत्र द्या, पोच घ्या.

भिंतीवर मिठासारखी पांढरी पूड दिसत असेल तर तो लोणा आहे. विटांतले आणि प्लास्टरमधले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागापर्यंत येतात, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि रंगाला आतून ढकलतात. पोपडे सुटतात ते त्यामुळेच. त्यावर नुसती लांबी भरून रंग दिला तर दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेच. पाण्याचा मार्ग बंद केल्यावर डागाच्या बाहेर फूटभर अंतर सोडून प्लास्टर विटेपर्यंत काढायचं, नवं प्लास्टर करायचं, त्यावर पाणी मारायचं आणि मग ते पूर्ण सुकू द्यायचं. नव्या प्लास्टरला साधारण २८ दिवस देतात. एजंट घाई करतील, करू द्या. काम चालू असताना फोटो काढा, प्लंबरचं बिल जपून ठेवा. गिऱ्हाइकाने विचारलं की फोटो आणि बिल समोर ठेवून सांगा, इथे ओल होती, हे केलं. असं सांगणाऱ्या घराबद्दल लोकांना भरवसा वाटतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आता रंग. माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

पांढरा लावला की खोली मोठी दिसते, हे अर्धंच खरं आहे. प्रत्येक रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी किती भाग परत फेकतो याचा आकडा असतो, त्याला एलआरव्ही म्हणतात. शून्य म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा, शंभर म्हणजे सगळा परत देणारा पांढरा. बाजारातले चांगले पांढरे पंच्याऐंशीच्या आसपास असतात. कंपन्यांकडे प्रत्येक शेडचा हा आकडा असतो, दुकानदाराला विचारा. पण परत द्यायला आधी उजेड पडायला हवा. खिडकी नसलेल्या पॅसेजमध्ये शुद्ध पांढरा लावला तर तो पांढरा दिसत नाही, नीट न धुतलेल्या चादरीसारखा मळकट करडा दिसतो. तिथे किंचित पिवळसर, हस्तिदंती रंग आणि एक चांगला दिवा हवा.

उत्तरेच्या खोलीतही असंच होतं. पुण्यात वर्षातले बरेच महिने उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, आकाशाचा निळसर, स्थिर उजेड येतो. चित्रकारांना तो आवडतो, कारण दिवसभर बदलत नाही. पण त्या उजेडात थंड पांढरा आणि राखाडी रंग दवाखान्यासारखे वाटतात. पश्चिमेच्या खोलीत उलट. दुपारी तीननंतर तिथे तांबूस ऊन शिरतं आणि बदामी, पिवळे रंग त्यात तापल्यासारखे दिसतात. मे महिन्यात चार वाजता घर बघायला आलेल्या माणसाला ती खोली आहे त्यापेक्षा गरम वाटेल. म्हणून उत्तरेला उबदार आणि पश्चिमेला थंड हा साधा नियम आहे. उत्तरेच्या बेडरूमला फिकट बदामी. पश्चिमेच्या बेडरूमला फिकट शेवाळी, इतका फिकट की पांढऱ्या कागदाशेजारी धरल्याशिवाय हिरवेपणा कळू नये.

तुमच्या भावाचा राखाडी रंग मी का नको म्हणते ते सांगते. पॅरिसमध्ये गोब्लँ नावाचा टॅपेस्ट्री विणण्याचा जुना कारखाना आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या रंगकामाचे प्रमुख मिशेल शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ होते. काळा धागा हवा तितका गडद दिसत नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती. त्या काळ्याच्या शेजारी निळे-जांभळे धागे होते आणि त्यांच्यामुळे डोळ्याला काळा फिका वाटत होता. शेजारचा रंग बदलला की आपलाही रंग बदलतो, यावर त्यांनी १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. आपल्याकडच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. मॅचिंगच्या दुकानात ब्लाउजपीस आपण कधी एकटं बघत नाही, साडीवर ठेवूनच बघतो. तेच राखाडी कापड मोहरी रंगाच्या साडीवर ठेवलं की निळसर दिसायला लागतं.

तुमच्या घरातली साडी म्हणजे मोझॅक फरशी आणि सागवानी दारं. ती बदलायची नाहीत, तेव्हा भिंतीचा रंग त्यांच्यावर ठेवून बघायचा. जुन्या मोझॅकची जमीन बहुधा साईच्या रंगाची असते, त्यात तपकिरी आणि काळे खडे. सागाच्या पॉलिशमध्ये पिवळा-तांबूसपणा असतो. या दोन्हींशेजारी न्यू जर्सीचा राखाडी निळसर-जांभळट आणि उदास दिसेल आणि त्याच्यामुळे फरशी जुनाट, पिवळी पडल्यासारखी वाटेल. भावाने पाठवलेल्या फोटोंत खाली काय आहे ते निरखून बघा. फिकट ओक किंवा करड्या छटेचं लाकूड असेल, खिडक्या मोठ्या असतील, दारं पांढरी रंगवलेली असतील. तिथे तो रंग खरंच सुंदर दिसतो. भावाला तुमच्या फरशीचा दिवसाच्या उजेडातला फोटो पाठवा आणि शेजारी राखाडी कागद ठेवा. त्याला माझं म्हणणं लगेच पटेल.

हॉलला मी मोतिया सुचवेन. पूर्वेचा उजेड सकाळी सोनेरी असतो आणि दुपारनंतर गुलमोहराच्या पानांवरून हिरवट होऊन येतो. गुलाबी झाक असलेला पांढरा या हिरव्यात मातकट होतो, अबोलीचंही तसंच. मोतियाला दोन्ही वेळा चालतात. आपल्या भाषेत किती रंग आहेत बघा: मोतिया, अबोली, चिंतामणी, डाळिंबी, आमसुली, शेवाळी. ते मोत्यांतून, फुलांतून, शेवाळातून, स्वयंपाकघरातून आलेले आहेत आणि म्हणून त्यांच्यात नेमकेपणा आहे. रंगाऱ्याशी बोलताना शेड नंबर जरूर द्या, पण घरात आईशी बोलताना ही नावं वापरा. त्यांना 'वॉर्म न्यूट्रल'पेक्षा मोतिया लगेच दिसेल.

शेडकार्डावरच्या टिचभर चौकोनावरून रंग ठरवू नका. दुकानात छोटा डबा मिळतो. तो रंग मोठ्या ड्रॉइंग शीटवर दोन हात देऊन लावा, कडेला दोन बोटं पांढरी जागा सोडा, म्हणजे भिंतीचा जुना रंग मध्ये लुडबुड करणार नाही. ती शीट फरशीला टेकवून, दाराच्या चौकटीला चिकटवून, खिडकीशेजारी आणि खिडकीसमोर अशी सकाळी आठला, दुपारी एकला आणि रात्री दिवे लावून बघा. मोठ्या भिंतीवर प्रत्येक रंग कागदावरच्यापेक्षा गडद आणि तीव्र वाटतो, म्हणून आवडलेल्यापेक्षा एक पायरी फिकट घ्या.

रात्रीचे दिवे विसरू नका, कारण नोकरी करणारी जोडपी घर बघायला सात वाजताच येतात. जुन्या घरांत एका खोलीत निळसर पांढरी ट्यूब आणि पॅसेजमध्ये पिवळा बल्ब असं असतं. मग एकच भिंत दोन रंगांची दिसते. दिव्याच्या उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळसर. हॉल आणि बेडरूमला ३००० केल्विन, स्वयंपाकघराला आणि बाथरूमला ४००० केल्विनचे एलईडी लावा. ६५०० केल्विनच्या ट्यूबखाली मोतियाची सगळी ऊब निघून जाते. हा खर्च हजार-दोन हजारांच्या घरातला आहे आणि फरक डोळ्यांत भरतो.

निळा रंग मन शांत करतो, पिवळा सकारात्मकता आणतो, असं एजंट किंवा डिझायनर सांगतील. अशा बोलण्यावर पैसे घालू नका. १९७९ मध्ये सिअॅटलच्या नौदलाच्या तुरुंगात एक कोठडी गुलाबी रंगवून कैदी शांत होतात असा दावा झाला, तो जगभर पसरला, आणि नंतरच्या काटेकोर चाचण्यांत तो टिकला नाही. भिंतीच्या रंगाने गिऱ्हाइकाचं मन वळत नसतं. त्याला उजेड दिसतो, स्वच्छता दिसते, जागा दिसते. रंगाने एवढं साधलं तर पुष्कळ झालं.

रंगाऱ्याशी बोलताना गाठीशी असावा असा एक अंदाज: भिंती आणि सीलिंग मिळून क्षेत्रफळ कार्पेटच्या तीन ते साडेतीन पट येतं. तुमच्याकडे ते साधारण दोन ते सव्वादोन हजार चौरस फूट होईल. चांगला इमल्शन, ज्याला रंगारी प्लास्टिक पेंट म्हणतात, एका लिटरमध्ये दोन हात देऊन सव्वाशे-दीडशे चौरस फूट जातो. म्हणजे सगळं मिळून पंधरा-अठरा लिटर. तीस लिटरचा हिशोब कुणी दिला तर विचारा. जुन्या प्लास्टरला उंचवटे असतात, त्यावर चकाकणारा रंग प्रत्येक उंचवटा दाखवतो, म्हणून मॅट घ्या. फक्त पॅसेज आणि स्वयंपाकघराला किंचित चमक असलेला, पुसता येणारा. पावसाळ्यात हे काम काढू नका, हात नीट सुकत नाहीत.

खरं तर माझ्या हातात तुमचे पैसे असते तर मी पहिला खर्च फरशीच्या पॉलिशवर केला असता. चाळीस वर्षांची मोझॅक मशीनने घासली की खाली दडलेला रंग वर येतो आणि ती खिडकीतला उजेड आत खेचते. आज तशी फरशी घरांत सहसा कुणी करत नाही, आणि ती झळकलेली पाहून काही लोक ती फोडायचा विचार सोडून देतात. घासताना चिखल भिंतीवर उडतो, म्हणून घासणं रंगाच्या आधी आणि शेवटची चकाकी रंगाच्या नंतर. दुसरा खर्च खिडक्यांवर. मच्छरजाळ्या काढून धुवा, काचा पुसा, जाड पडदे उतरवा. जाळीत साचलेली धूळ किती उजेड अडवते ते धुतल्यावरच कळतं. स्वयंपाकघरात मॉड्युलर वगैरे काही करू नका, घेणारा ते तसंही काढेल. ओटा मोकळा करा, ट्रॉल्यांच्या चॅनलना तेल द्या, गळका नळ बदला. एवढं झाल्यावर घर सकाळी नऊ ते अकरा दाखवा, हॉलमध्ये ऊन असताना. रूम फ्रेशनर मारू नका. खिडक्या उघड्या ठेवा. उग्र सुगंध आला की लोक ओल शोधायला लागतात.

आता आईंकडे येते.

देवघर हलवू नका. परक्याला स्वतःचं घर कल्पता यावं म्हणून घरातल्या खाजगी आणि धार्मिक खुणा काढाव्यात, असा स्टेजिंगचा नियम आहे आणि रिकाम्या घरात तो योग्य आहे. पण आई त्या घरात राहताहेत, रोज पूजा करताहेत. ७८ वर्षांच्या बाईंना गिऱ्हाइकासाठी देव खोक्यात भरा म्हणायचा अधिकार एजंटला नाही आणि आपल्यालाही नाही. देवघराभोवतीची कॅलेंडरं, जुन्या उदबत्त्यांचे पुडे, तेलाच्या बाटल्या तेवढ्या आवरा, मागची काजळी पुसून घ्या. त्या कोपऱ्यात एक देवघर सहज बसतं हे दिसलं तर घेणाऱ्यांपैकी अनेकांना बरंच वाटेल. ज्यांना त्याची गरज नाही त्यांना तिथे पुस्तकांचं कपाट दिसेल.

आमसुली भिंत मात्र बदलावी लागेल. हे मी जड मनाने लिहिते आहे, कारण १९९८ मध्ये, जेव्हा सगळे पिस्ता आणि क्रीम लावत होते, तेव्हा आमसुली निवडणाऱ्या बाईंची नजर मला फार आवडली. पण तो रंग शंभरातले दहा भागही उजेड परत देत नसणार. हॉलमधली एक अख्खी भिंत दिवसभर उजेड गिळते आहे, आणि संध्याकाळी येणाऱ्याला हॉल आहे त्यापेक्षा लहान वाटेल.

हे आईंना एजंटच्या तोंडून कळू देऊ नका. रंगारी येण्याआधी एक दिवस तुम्ही जा आणि त्यांच्या शेजारी बसून तुम्हीच सांगा. हा रंग त्यांनी कसा ठरवला, कुठे पाहिला होता, बाबा काय म्हणाले होते, ते त्यांना विचारा. मग मोतियाच्या दोन-तीन शीट त्यांच्यासमोर ठेवा आणि कुठला लावायचा ते त्यांना ठरवू द्या. ज्यांनी आमसुली निवडला त्यांना मोतियातले फरकही कळतील. रंगाऱ्याला पॉलिश पेपर मारण्याआधी त्या भिंतीचा सुटलेला एक पोपडा काढून घ्यायला सांगा आणि तो डबीत ठेवा. रंगाच्या दुकानात तो दाखवला की मशीनवर जुळता रंग करून मिळतो. नाशिकला त्यांच्या खोलीत पलंगामागची भिंत त्या रंगाची करा. झोपायच्या खोलीत गडद रंग छान दिसतो, तिथे उजेड मागे फेकायची घाई कुणालाच नसते.

गिऱ्हाईक येईल त्या वेळी त्यांनी शेजारी किंवा मंदिरात जाऊन बसावं असं एजंट म्हणतील. त्यांना जावंसं वाटलं तर जाऊ द्या. नाहीतर गॅलरीत त्यांची खुर्ची ठेवा. दुपारी वारा कुठून येतो, पाणी किती वाजता येतं, गुलमोहर कधी फुलतो, हे त्या घराबद्दल त्यांच्याइतकं खरं कुणीच सांगू शकणार नाही, आणि घर घेणाऱ्यांना हेच विचारायचं असतं.

अजून एक. नातवंडांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा एखाद्या दाराच्या चौकटीवर असतील, अशा घरांत त्या बहुतेक असतातच, तर पॉलिशवाल्याने हात लावण्याआधी बटर पेपर लावून त्या तारखांसकट उतरवून घ्या.